लाईट मी बंद केली

सुरभी लोधिवलीला एसटीत चढायची, मी चौकला. ती माझी जागा धरून ठेवायची. खोपोलीच्या कॉलेजात पहिलं वर्ष आम्ही असंच काढलं. तिला मराठीच्या तासाला झोप यायची आणि परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. मी चिडले की म्हणायची, "मेहनाज, तू वाचतेस गं. मी नुसती ऐकते."

दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांना लकवा झाला. सदूकाकांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. घरामागे त्यांची कोंबड्यांची शेड होती. कंपनी एका दिवसाची पिल्लं आणून टाकायची, खाद्य आणि औषध द्यायची. पिल्लं वाढवायची यांनी. भरल्या वजनाचे पक्षी कंपनीच उचलून न्यायची. आमच्या भागात बऱ्याच घरांमागे अशी शेड आहे. सकाळी कारखान्यात जाणारे लोकसुद्धा संध्याकाळी घरी येऊन पक्ष्यांना पाणी घालतात.

सदूकाका अंथरुणावर होते आणि शेडमध्ये अर्ध्या वाढलेल्या पिल्लांचा लॉट होता. सुरभीनं तो पुरा केला. मग पुढचा घेतला. कॉलेज तिनं सोडलं असं म्हणता येणार नाही. ती फक्त परत आली नाही.

मी तिच्याकडे सुट्टीच्या दिवशी जायची. चौकच्या बाजारात माझ्या भावाचं, कामरानचं चिकनचं दुकान आहे, त्यामुळे कोंबड्या मला नव्या नव्हत्या. पण मी त्या फक्त पिंजऱ्यातल्या पाहिल्या होत्या. सुरभीच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच थांबले. सगळी जमीन पांढरी होती आणि हलत होती.

"पाय घासत चाल," ती म्हणाली. "उचलून टाकलास तर एखादी खाली येईल."

शेडमध्ये रात्रभर बल्ब लागलेले असायचे, पक्ष्यांनी खात राहावं म्हणून. पण रोज संध्याकाळी थोडा वेळ ते मुद्दाम बंद ठेवावे लागत. लाईट आमच्याकडे कधीही जाते. ज्या पक्ष्यानं अंधार पाहिलेलाच नाही तो अचानक अंधार झाला की घाबरतो, कोपऱ्यात पळतो. एकावर एक चढतात. खालचे गुदमरतात. म्हणून पहिल्या आठवड्यापासून अंधाराची सवय लावायची. बल्ब बंद करायचे आणि माणसानं आत बसून बोलत राहायचं. ओळखीचा आवाज असला की पक्षी जागच्या जागी बसतात.

सुरभी त्यांना कॉलेजच्या कविता म्हणून दाखवायची. आमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम इतक्या शांतपणे दुसऱ्या कुणी ऐकला नसेल.

हळूहळू सदूकाका काठीवर उभे राहिले. संध्याकाळी ते शेडमध्ये खुर्ची टाकून बसू लागले. अंधार झाला की ते आपल्या भावकीला शिव्या द्यायचे. जुने बांध, जुनी लग्नं, कोण कुणाच्या मानपानावरून रुसलं होतं ते सगळं. सुरभी बाहेरून ओरडायची, "बाबा, जरा चांगलं बोला. अंगाला लागत नाय त्यांच्या."

"तुजी कविता आयकून तरी कुटं लागतं गं!"

कंपनीचा सुपरवायझर आधी "सदूची शेड" म्हणायचा. मग एकदा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही, नाही, सुरभीची शेड. लोधिवलीवरून आत." ते तिनं मला तीन वेळा सांगितलं. तिच्या नावानं कशाला तरी ओळखलं जात होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ऊन असं पडलं की दुपारी पत्र्याला हात लावता येईना. सुरभीनं पत्र्यावर गवत टाकलं, गोणपाटाचे पडदे भिजवले, पंखे लावले. पक्षी चोची उघड्या टाकून बसले होते. दुपारी लाईट गेली आणि पंखे थांबले. ती पाण्याचा पाईप घेऊन आत फिरत राहिली. मी त्या दिवशी तिथं होते. एक पक्षी बसल्या बसल्या मान टाकायचा, मग त्याच्या शेजारचा. कुठं पळापळ नाही, आवाज नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत टोपल्यांनी मेलेले पक्षी बाहेर काढले.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "उन्हाचं आम्हालापण कळतं. पण अजून एक लॉट असा गेला, तर वरचे लोक पिल्लं टाकायची बंद करतील. माझ्या हातात नाही राहणार."

त्यानंतरचे लॉट तिनं जिवापाड सांभाळले. शेड राहिली पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "शेडसकट नेणारा असला तर बघा."

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये स्वप्नील तिच्याकडे आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते. स्वप्नील त्यांच्याच गावचा. खोपोलीच्या कारखान्यात लागला होता, गावात तरुण मंडळ चालवायचा. झाडं लावायचा आणि ती जगली की नाही ते खरोखर बघायला जायचा.

"ताई, शनिवारी साडेआठ ते साडेनऊ सगळ्या गावानं लाईट बंद ठेवायची. अर्थ अवर, म्हणजे पृथ्वीसाठी एक तास. जगभर करतात."

शेजारच्या जनाकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जग एक तास करतं व्हय? आमी तर रोजच करतो. वायरमनला बक्षीस देयाला पायजे."

"काकू, ती जाते. ही आपण घालवायची."

"आपुन घालवायची, मंग त्यानं काय करायचं? बिचाऱ्याचं कामच काढून घेतलंस."

स्वप्नील हसला, पण हटला नाही. पृथ्वी तापते आहे, पाऊस सरकतो आहे, हे सगळं तो सांगत राहिला. त्याला वाटलं असेल की सुरभीला समजवावं लागेल. ती मध्येच म्हणाली, "मला नको सांगूस रे. मी काढलेत ते टोपल्यांनी."

मग तिनं विचार केला. मला तिचा तो विचार नीट आठवतो, कारण ती मोठ्यानं करत होती. पंखे बंद करायचे नाहीत. पंख्यांची लाईन वेगळी होती. फक्त बल्ब. आणि बल्ब ती रोजच बंद करत होती. पक्ष्यांना सवय होती. रोज लवकर करते, त्या दिवशी थोडे उशिरा करायचे. रोज थोडा वेळ, त्या दिवशी थोडा जास्त. बाबा आत बसतील.

"पंखे चालू ठेवनार?" जनाकाकू म्हणाल्या. "म्हंजे तुजा साबुदान्याचा उपास."

"असू दे. उपास तर हाय ना?"

खालच्या आळीत आणखी दोन शेड होत्या. ते लोक हसले आणि नाही म्हणाले. स्वप्नीलनं त्यांना जास्त आग्रह केला नाही.

त्या शनिवारी हवा अजिबात हलत नव्हती. शेडचे पडदे एरवी अंधार करताना सुरभी सोडायची. रस्त्यावरून एखादी मोटारसायकल गेली तरी तिचा उजेड आत येऊ नये म्हणून. अंधारात बसलेला पक्षी फिरत्या उजेडानं बिथरतो. त्या दिवशी तिनं पडदे वर गुंडाळून ठेवले. आतली गरमी बाहेर जायला हवी होती. आणि रस्त्यानं कोण येणार होतं? अख्खं गाव देवळासमोर जमणार होतं.

पक्षी वजनाला भरले होते. दोन-चार दिवसांत कंपनीचा टेंपो यायचा होता.

साडेआठला तिनं शेडचे बल्ब बंद केले. सदूकाका आत खुर्चीवर होते. त्यांनी धाकट्या चुलत्यापासून सुरुवात केली. आम्ही थोडा वेळ बाहेर उभ्या राहिलो. आतून नुसता पंख्यांचा आवाज आणि सदूकाकांचा. पक्षी बसले होते.

"बघ," ती म्हणाली. "काय नाय होत."

आम्ही देवळाकडे गेलो. मी गावात असा अंधार पाहिला नव्हता. लाईट जाते तेव्हा लोक ओरडतात, कुणी वायरमनला फोन लावतं, कुणाचा इन्व्हर्टर चालू होतो. त्या दिवशी तसं काही नव्हतं. प्रत्येक घरानं आपल्या हातानं बटण बंद केलं होतं आणि लोक बाहेर येऊन आपल्याच घराकडे बघत होते. डोंगराच्या कडेवर हायवेचा उजेड दिसत होता. म्हातारी माणसं चांदण्या ओळखायला लागली आणि त्यावरून भांडली.

स्वप्नीलनं सुरभीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती आधी नाही म्हणाली. मग उभी राहिली.

"माझे पक्षी गेल्या एप्रिलमध्ये उन्हानं मेले," ती म्हणाली. "त्यांनी काय केलं नव्हतं. ते बसल्या जागी मेले. म्हणून मी आज शेडची लाईट बंद केली. एवढंच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जनाकाकूंनी नाक ओढलं. मला वाटतं, त्या गप्प बसण्यामुळेच पुढचं झालं. लोकांना काहीतरी करावंसं वाटलं. स्वप्नील म्हणाला, "चला, आपण सगळे ताईच्या शेडपर्यंत जाऊन येऊ. शेडसुद्धा बंद आहे. हे लोकांना दिसलं पाहिजे."

ती म्हणाली, "हळू जा रे. आवाज करू नका."

त्यांनी आवाज केला नाही. मंडळाची पोरं पुढं गेली, अगदी हळू, एकमेकांना गप्प करत. सुरभी आणि मी मागं होतो. जनाकाकूंचा गुडघा दुखत होता, आम्ही त्यांना धरून आणत होतो.

पोरं शेडपाशी पोचली तेव्हा सदूकाका आतून म्हणाले, "कोन हाय रं?"

"आम्हीच, काका."

स्वप्नीलला व्हिडिओ काढायचा होता. इतकी मोठी शेड, आत हजारो पक्षी, सगळे अंधारात शांत बसलेले. त्यानं मोबाईल धरला. स्क्रीनवर काही दिसेना. काळंच येत होतं. अंधार दाखवायचा तर थोडा उजेड पाहिजे. मागच्या एकानं टॉर्च लावला. मग दुसऱ्यानं. शेडच्या बाजूच्या जाळीतून तो उजेड आत फिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आम्ही अजून वळणावर होतो. मला आधी वाटलं, कुणीतरी पोतं फाडून भात ओतला. तसा आवाज झाला. मग तो वाढला. सुरभीनं जनाकाकूंचा हात सोडला.

"टॉर्च बंद करा! बल्ब लावा, आतले बल्ब लावा!"

पोरांना बोर्ड कुठं आहे ते माहीत नव्हतं. टॉर्च बंद झाले, परत लागले. सदूकाका आत मोठमोठ्यानं बोलत होते, पण त्या आवाजात त्यांचा आवाज राहिला नव्हता. सुरभीनं अंधारातच बोर्ड गाठला. बल्ब लागले.

दूरच्या दोन्ही कोपऱ्यांत पक्ष्यांचे ढीग होते. माणसाच्या कमरेइतके. वरचे हलत होते. मधली जमीन रिकामी होती. त्या रिकाम्या जमिनीवर खुर्ची उलटी पडली होती आणि सदूकाका एका ढिगापाशी गुडघ्यांवर बसून डाव्या हातानं पक्षी ओढून मागं टाकत होते. एक एक.

आम्ही सगळे आत शिरलो. कुणी पाय घासत चाललं नाही. पक्षी उचलायचे आणि दूर सोडायचे. वरचे पळत होते. मधले धापा टाकत होते. खालचे ऊबदार होते, मऊ होते, आणि मेलेले होते. माझ्या हातात एक आला, त्याचे डोळे उघडे होते. मी तो सुरभीला दाखवला. का दाखवला, माहीत नाही. तिनं बघितलं आणि म्हणाली, "तो बाहेर ठेव."

साडेनऊ कधी वाजले कळलं नाही. एकेका घरात लाईट लागली.

सकाळी कामरान टेंपोतून चुना घेऊन आला. मी त्याला फोनवर फक्त "चुना घेऊन ये" म्हटलं होतं. त्यानं बांधावर रचलेले पक्षी पाहिले आणि डोक्यावरची टोपी नीट केली. मग फावडं घेतलं. स्वप्नील पहाटेपासून खड्डा खणत होता. कामरान खड्ड्यात उतरला आणि म्हणाला, "वर जा रे, पाणी पी. मी हाय." स्वप्नील वर गेला नाही. दोघं खणत राहिले.

दुपारी सुपरवायझर मोटारसायकलवरून आला. त्यानं शेड पाहिली, खड्डा पाहिला. चुन्यानं पांढरा झालेला. मग तो ओट्यावर येऊन बसला. सुरभीनं पाणी दिलं.

"लाईट गेली होती ना?" त्यानं विचारलं.

मग तो दोन घोट पाणी प्यायला.

"गेली असेल तर तसं सांग. लाईट गेली तर तुझा दोष धरत नाहीत. एकदा ऊन, एकदा लाईट. मी वर बोलतो. निघेल काहीतरी."

तो सगळं ऐकून आला होता. हे मला कळलं, तिलाही कळलं असणार. त्यानं दार उघडून धरलं होतं.

"गेली व्हती, सायेब," सदूकाका म्हणाले. "आख्ख्या गावाची गेली व्हती. इचारा कुनाला बी."

"हो," स्वप्नील म्हणाला. त्याच्या हातांना माती होती. "आम्ही सगळे सांगतो. सगळं गाव अंधारात होतं."

जनाकाकू दारात होत्या. त्यांनीही मान हलवली.

सुरभी उभी होती. रिकामा तांब्या तिच्या हातात होता.

"लाईट मी बंद केली," ती म्हणाली.

"सुरभे..." सदूकाका म्हणाले.

"नाय बाबा. लाईट होती. मी बंद केली."

सुपरवायझरनं मोटारसायकलची किल्ली उचलली. मग म्हणाला, "परत एकदा विचार कर."

"केला."

तो गेल्यावर सदूकाका तिला म्हणाले, "हरिश्चंद्राची लेक! बापाच्या पोटात नाय, पायात नाय, जीव हाय तो ह्या शेडीत. इचारलंस का बापाला?" त्यांना रडू आलं. लकव्यानंतर त्यांचं रडणं अर्ध्याच चेहऱ्यावर दिसायचं. ते तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, का?

ती शेडमधली पाण्याची भांडी धूत होती. ज्या शेडमध्ये आता पिल्लं येणार नव्हती तिची भांडी.

"खालच्या आळीत दोन शेड हायत," ती म्हणाली. "त्यांची लाईट चालू होती. मी लाईट गेली म्हणाले, तर साहेब त्यांना विचारणार. मग ते खोटं बोलणार की मी खोटी पडणार? आणि उद्या त्यांची खरंच गेली तर? कोण ऐकेल त्यांचं?"

"एवढंच?"

तिनं भांडं पालथं घातलं. "मी तिथं बोलले गं, सगळ्यांसमोर. माझे पक्षी उन्हानं मेले म्हणून. आता हे कशानं मेले म्हणू?"

मी साहित्य शिकले आहे. शोकांतिका कशाला म्हणतात यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. त्यात नायकाची चूक असावी लागते. तिची चूक कोणती, हे मी पुष्कळ शोधलं. पडदे वर होते, ते गरमीमुळे. ती बोलली, ते खरं होतं. पोरं हळू आली होती.

उरलेले पक्षी कंपनीनं उचलले. पुढचं पिल्लू आलं नाही. पावसाळ्याआधी शेडचे पत्रे उतरवले. नुसते खांब राहिले, आणि मध्ये पक्ष्यांखाली अंथरायच्या तुसाचा वास. स्वप्नीलनं मंडळ सोडलं. तो व्हिडिओ त्यानं काढून टाकला. तरी तो पुष्कळ दिवस लोकांच्या मोबाईलवर फिरला. काळं, मग पांढरं, मग कुणाचा तरी पाय. लोकांना वाटायचं, बिबट्या आला होता.

दिवाळीनंतर सुरभी कर्जतला एका फार्महाऊसवर कामाला लागली. दहिवलीच्या पुढे नदीकाठी आहे. शनिवार-रविवार मुंबईचे लोक येतात. ती चादरी बदलते, खोल्या लावते. तिथंच राहते. महिन्यातून एकदा घरी येते. सदूकाका आता तिच्याशी बोलतात. हवापाण्याचं.

परवा मी तिला भेटायला गेले. ऊन चढलं होतं. ती लॉनच्या मागं दोरीवर चादरी टाकत होती. मी दुसरं टोक धरलं.

"शनिवारी इथंपण केलं," ती म्हणाली.

"काय?"

"लाईट बंद. साडेआठ ते साडेनऊ. मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांना आवडतं. मेणबत्त्या लावून जेवण. मला म्हणाला, सुरभी, बोर्डाजवळ उभी राहा, मी सांगितलं की मेन खाली घे."

चादरीचं टोक तिनं झटकलं. तिच्या हातून ते सरळ होईना, मी केलं.

"मग?"

"नाय घेता आलं. त्यानंच घेतलं. मला म्हणाला, घाबरतेस काय." ती थांबली. "अंधार झाला. पाहुणे ओरडले, टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी गाणं लावलं. मी तिथंच बोर्डाजवळ उभी. कान लावून. तिकडं काय असणार गं? नदी हाय नुसती. तरी मी तासभर कान लावून उभी राहिले. लाईट आली तेव्हा मॅनेजर म्हणाला, अगं, अजून इथंच हायस?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?"

बादलीत आणखी एक ओली चादर होती. तिनं ती पिळली आणि एक टोक माझ्याकडे दिलं.